'हे मेटल नाहीच' म्हणालो आणि लेकीने ऐकवणंच बंद केलं

पत्र थोडं कापून देतेय, नाव अर्थातच देत नाही.

"ताई, नमस्कार. वय 49, राहणार डोंबिवली, एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. 1993 पासून मेटल, म्हणजे ते जोरदार रॉक म्युझिक, ऐकतो. पहिली कॅसेट मेटॅलिकाचा ब्लॅक अल्बम, तीही मित्राने टीडीकेच्या नव्वदच्या कॅसेटवर भरून दिलेली, दुसऱ्या बाजूला आयर्न मेडन. मग मेगाडेथ, स्लेयर, सेपुल्टुरा, पँटेरा, जे हाताला लागेल ते. आम्ही चौघं होतो. दरवर्षी ऑगस्टात मुंबईत रंगभवनला आय-रॉक हा रॉकचा महोत्सव, भर पावसात, आणि शेवटची कर्जत पकडून घरी. 2008 ला मेडन मुंबईत आले तेव्हाही चौघं एकत्र. 2011 ला बंगलोरला मेटॅलिका बघायला मी आणि एकच जण गेलो. त्यानंतर मी एकाही शोला गेलेलो नाही.

आता जे चाललंय ते बघवत नाही. तिकीट दहा हजार, आणि आत सगळे फोन वर करून उभे. मॉलमध्ये मेडनचे टी-शर्ट लटकतात, घालणाऱ्याला पाच गाणी सांगता येत नाहीत. नवीन अल्बम सगळे एकसारखे वाजतात, ड्रम तर मशीनच वाटतात. फेअरवेल म्हणून टूर करतात आणि पाच वर्षांनी परत येतात. मुलगी 17 वर्षांची, ती ब्लडीवुड (तो ढोलवाला बँड) आणि स्लीप टोकन (तो मुखवटेवाला) ऐकते. मागच्या महिन्यात तिने एक इअरफोन माझ्या कानात घातला आणि विचारलं, बाबा कसं वाटतंय. मी म्हणालो हे मेटल नाहीच, ढोल बडवून आणि तोंडाला मुखवटे लावून मेटल होत नाही. तिने इअरफोन काढून घेतला. तेव्हापासून काही ऐकवत नाही. बायको म्हणते कॅसेटी भंगारात द्या, कपाट मोकळं होईल.

5 जुलै 2025 ला ब्लॅक सॅबथच्या ऑझी ऑस्बॉर्नचा शेवटचा शो मी रात्रभर जागून हेडफोन लावून बघितला. संपला आणि फोन करायला कोणी नव्हतं. आमच्यातला एक अमेरिकेत, एकाशी पैशावरून बोलणं बंद, आणि ज्याने ती पहिली कॅसेट भरून दिली तो 2021 मध्ये कोविडमध्ये गेला. सतरा दिवसांनी ऑझीही गेला. ताई, म्युझिक खरंच बिघडलंय की मीच बिघडलोय? आणि कॅसेटी काढून टाकू का?"

दादा,

पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाटलं की तुम्हाला तिकिटांबद्दल आणि फोनबद्दल बोलायचंय, दुसऱ्यांदा वाटलं लेकीबद्दल, आणि तिसऱ्यांदा मी "फोन करायला कोणी नव्हतं" या वाक्यापाशी थांबले ते पुढे जाईचना. तुमच्या अख्ख्या पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य ते आहे असं मला वाटतं आणि तुम्ही ते शेवटाकडे, घाईघाईत लिहून टाकलंय. त्याच्याकडे येते मी. पण आधी तुमचा प्रश्न, कारण तो तुम्ही सरळ विचारलाय आणि त्याला सरळ उत्तर द्यायला पाहिजे. बायको म्हणते कॅसेटी भंगारात द्या, लेक म्हणत असेल बाबांना कळत नाही, अशा वेळी कोणीतरी नीट बघून सांगावं लागतं की माणसाची तक्रार किती खरी आहे.

तर तुमचे कान बिघडलेले नाहीत. नवीन अल्बम एकसारखे वाजतात, ड्रम मशीनसारखे वाटतात, हे जे तुम्ही लिहिलंय ना, त्यात तथ्य आहे. नव्वदच्या दशकापासून रेकॉर्डिंगवाल्यांमध्ये चढाओढ लागली की आपला अल्बम दुसऱ्यापेक्षा जोरात वाजला पाहिजे, मग हळू आवाज वर ओढायचे, मोठे आवाज दाबायचे, सगळं एका उंचीवर आणून ठेवायचं. त्यात काय होतं, की स्नेअर ड्रमचा फटका जो अंगावर यायला पाहिजे तो येतच नाही कारण त्याच्या आधीची शांतताच शिल्लक नसते. मेटॅलिकाचाच 2008 चा डेथ मॅग्नेटिक घ्या, तो इतका दाबून मास्टर केला होता की फॅन लोकांनी तो परत मिक्स करा म्हणून सह्यांची मोहीम काढली, आणि गंमत म्हणजे तीच गाणी गिटार हिरो नावाच्या व्हिडिओ गेममध्ये होती ती जास्त मोकळी वाजत होती. ड्रमचं म्हणाल तर आता बऱ्याच ठिकाणी ड्रमला ट्रिगर लावतात, म्हणजे वाजवणारा माणूस खरा असतो पण आवाज आधी रेकॉर्ड करून ठेवलेला येतो, आणि नंतर कॉम्प्युटरवर प्रत्येक ठोका मोजून रेषेवर बसवतात. तुम्ही आयुष्यभर मशीनच्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारे, तुम्हाला हे ऐकू नाही येणार तर कोणाला.

तिकिटाचंही खरं आहे, आणि त्याचं कारण म्हणजे पूर्वी बँड कॅसेट आणि सीडीवर जगायचे, टूर ही त्या विकायला काढलेली असायची, आता उलटं झालंय, गाणं जवळजवळ फुकट आणि सगळा पैसा तिकिटातून आणि टी-शर्टातून. स्पॉटिफायवर तर 2024 पासून ज्या गाण्याला वर्षभरात हजारपेक्षा कमी वेळा ऐकलं गेलं त्याला काहीच मिळत नाही. म्हणजे मोठ्या बँडला टूर काढावीच लागते आणि छोट्या बँडच्या हातात काहीच पडत नाही. फेअरवेलचंही, स्लेयरने नोव्हेंबर 2019 मध्ये शेवटचा शो म्हणून केला आणि 2024 ला परत स्टेजवर आले, तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं तर त्यात चुकीचं काही नाही. पण आयुष्यभर हेच केलेली माणसं साठीला घरी बसवत नाही म्हणून परत आली तर माझा राग फार टिकत नाही एवढंच.

आणि रंगभवन. त्याच्याबद्दल वाईट वाटणं तर तुमच्या पिढीचा हक्कच आहे. 1986 ला आय-रॉक तिथे सुरू झालं, आणि धोबी तलावसारख्या ठिकाणी, स्टेशनवरून चालत जाता येईल असं उघड्यावरचं थिएटर, म्हणजे डोंबिवलीचा, विरारचा, पनवेलचा पोरगा ट्रेनच्या पासावर येऊन मेटल ऐकू शकत होता. असं ठिकाण मुंबईला परत मिळालं नाही. आणि ते कोणा बँडने विकून नाही खाल्लं, 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, हॉस्पिटल, कॉलेज, कोर्ट यांच्याभोवती शंभर मीटर सायलेन्स झोन, आणि रंगभवनला तर भिंतीला लागून कॉलेज आणि जवळच हॉस्पिटलं. नियम चुकीचा होता असं मी म्हणू शकत नाही, आजारी माणसाला झोप लागायला पाहिजेच. पण बदली जागा कोणी दिली नाही, आणि एखाद्या शहरातून अशी जागा गेली की नुसते कार्यक्रम जात नाहीत, दरवर्षी ऑगस्टात एकमेकांना भेटणारी माणसंही जातात. नंतर आय-रॉक इकडेतिकडे फिरलं, मध्ये बंद पडलं, 2022 ला परत झालं, तुम्ही गेला नव्हतात असं पत्रावरून दिसतंय.

तर इथपर्यंत मी तुमच्या बाजूने आहे, पूर्ण. इथून पुढे नाही.

कारण आवाज दाबणारे इंजिनिअर, तिकिटं विकणाऱ्या कंपन्या, बंद पडलेलं रंगभवन, गेलेला मित्र, या सगळ्यांवरचा राग तुम्ही काढलात तो तुमच्या सतरा वर्षांच्या मुलीवर. वड्याचं तेल वांग्यावर. आणि तेही अशा क्षणी की जेव्हा ती स्वतःहून तुमच्याजवळ आली होती. दादा, सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या कानातला इअरफोन काढून बापाच्या कानात घालते, हे किती घरात होतं? तिने तुम्हाला प्रश्न विचारला होता कसं वाटतंय, आणि तुम्ही उत्तर दिलंत ते वेगळ्याच प्रश्नाचं, की हे मेटल आहे का नाही. ते तिने विचारलंच नव्हतं.

आता "हे मेटल नाहीच" या वाक्याबद्दल. तुमची पहिली कॅसेट ब्लॅक अल्बम. 1991 ला तो आला तेव्हा जुन्या मेटॅलिकावाल्यांनी काय म्हटलं होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, की गाणी हळू झाली, छोटी झाली, बॉब रॉक हा प्रोड्युसर आणून रेडिओसाठी अल्बम केला, विकले गेले, हे थ्रॅश, म्हणजे त्यांचं ते वेगवान मेटल, नाहीच. त्याच्याही आधी 1989 ला त्यांनी पहिला म्युझिक व्हिडिओ काढला तेव्हाच काही लोकांनी त्यांना सोडून दिलं होतं. म्हणजे ज्या दारातून तुम्ही आत आलात ते दारच आधीच्या लोकांच्या मते खोटं होतं. तुमच्या त्या मित्राने तुम्हाला कॅसेट भरून देताना म्हटलं असतं का, की हे ऐकू नकोस, मेटॅलिकाचं 1986 पर्यंतचंच खरं, आधी ते पाठ करून ये? नाही ना म्हटलं. त्याने नव्वद मिनिटांची कॅसेट खर्च केली आणि दुसऱ्या बाजूला जागा राहिली तर तिथे मेडन भरून दिलं, जास्तीचं म्हणून.

आणि ढोल. तुम्ही पत्रात सेपुल्टुराचं नाव लिहिलंय. 1996 चा त्यांचा रूट्स काढा कपाटातून, असणारच तुमच्याकडे. त्या चौघांनी ब्राझीलच्या शावांते आदिवासींच्या वस्तीत जाऊन त्यांच्याबरोबर रेकॉर्डिंग केलं, कार्लिन्योस ब्राउनला बोलवून तिकडचे ताल आणि तालवाद्यं घातली, आणि तो अल्बम आज मेटलमधला मोठा मानतात. ब्राझीलचा ढोल चालतो आणि आपला चालत नाही असं कसं? तुम्ही तर डोंबिवलीचे. पाडव्याच्या शोभायात्रेत फडके रोडवर पथक समोर येतं, पहिला ठोका पडतो आणि पोटात काहीतरी हलतं, शेजारच्याशी बोलताच येत नाही, फक्त उभं राहायचं, ते आणि रंगभवनला पहिल्या रांगेत डबल बास ड्रम अंगावर घेणं यात तुमच्या शरीराला काय फरक कळत होता ते मला प्रामाणिकपणे सांगा. ब्लडीवुडच्या दिल्लीच्या पोरांना ते सुचलं, त्यांनी केलं, 2019 ला वाकनच्या मेटल महोत्सवाला जाऊन जर्मनीच्या चिखलात उभ्या राहिलेल्या लोकांना त्यावर नाचवून आले. मुंबईचाच डेमोनिक रेझरेक्शन हा बँड घ्या, 2000 ला सुरू झालेला, 2014 ला तेही वाकनला वाजवून आले, आणि 2017 ला त्यांनी अख्खा अल्बम दशावतारावर केला, मत्स्य, कूर्म, वराह असा एकेका अवतारावर. आपल्या मातीतलं घेऊन हे करणं काही कमअस्सल नाही.

स्लीप टोकनबद्दल मी तुमच्याशी थोडी सहमत होईन. मला स्वतःला त्यांची अर्धी गाणी मेटल वाटत नाहीत, पॉप आणि आर अँड बीच जास्त वाटतात, आणि मुखवट्याचं प्रकरण मला फार ओढत नाही. पण मुखवटे काही आज आलेले नाहीत, किस 1973 पासून तोंड रंगवून स्टेजवर जात होते, किंग डायमंडचा रंगवलेला चेहरा तर तुम्ही टी-शर्टावर मिरवला असेल. आणि स्लीप टोकनचा 2025 चा अल्बम अमेरिकेत पहिल्या नंबरला गेला, त्यातून आत आलेली दहातली दोन पोरं जरी मागे मागे जात सॅबथपर्यंत पोचली तरी माझ्या दृष्टीने ते चांगलंच आहे.

सॅबथवरून आठवलं, आणि हे तुम्ही कारखान्यात आहात म्हणून मुद्दाम लिहितेय. सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी सतरा वर्षांचा होता, तुमच्या लेकीएवढाच, बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात कामाला, आणि कामाच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. मग त्याने साबणाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा तुकडा वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या, पुढे 1971 च्या तिसऱ्या अल्बमपासून गिटारचा सूर खाली उतरवून लावला म्हणजे तारा सैल होतील आणि बोटांना कमी त्रास होईल. तो जड, खोल आवाज ज्याला आपण मेटलचा मूळ आवाज म्हणतो तो एका कामगार पोराने बोटांची टोकं गेल्यावर केलेला जुगाड आहे. मेटल असंच आलंय पहिल्यापासून, कोणाचं तरी काहीतरी अडलं म्हणून बदलत बदलत. तुमच्यासारख्या मेंटेनन्सवाल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

आता ते वाक्य. फोन करायला कोणी नव्हतं.

मला वाटतं तुमचं म्युझिक नाही हरवलेलं, ऐकणारी माणसं हरवलीत. तुम्ही लिहिलेली एकही आठवण एकट्याची नाही, चौघं, चौघं, चौघं, मग दोघं, आणि मग तुम्ही जाणंच बंद केलंत. 2011 नंतर शो वाईट झाले म्हणून नाही गेलात तुम्ही, बरोबर कोणी नव्हतं म्हणून नाही गेलात. आणि मित्र गेला तेव्हा 2021 मध्ये, तेव्हा तर कोणाला बघायलाही जाता येत नव्हतं. तुम्हाला नीट रडायला मिळालं का त्याच्यासाठी? पत्रात त्याच्यावर एकच ओळ आहे आणि मॉलमधल्या टी-शर्टावर दोन. ऑझीसाठी तुम्ही पहाटे रडलात असं तुम्ही लिहिलं नाहीये पण मला तसं वाटलं, आणि ते रडणं फक्त ऑझीसाठी नव्हतं असंही वाटलं. चुकत असेन तर सांगा.

माझा मोठा भाऊ मेटलवाला होता, ठाण्याला आमचं दोन खोल्यांचं घर, त्याचा टेप कपाटावर आणि माझा अभ्यास त्याच कपाटाखाली. मी तेरा वर्षांची असताना एकदा वैतागून म्हटलं काय हे भांडी आपटल्यासारखं, तर तो चिडला नाही, त्याने टेप बंद केला, कॅसेट पेन्सिलीने मागे फिरवली (बॅटरी वाचवायची सवय, टेप विजेवर असला तरी तसंच करायचा) आणि म्हणाला आता फक्त बास ऐक, बाकी काही ऐकू नकोस. मग म्हणाला आता फक्त ड्रम. असं चार वेळा एकच गाणं. चौथ्या वेळेला मला ते सगळं एकत्र ऐकू आलं. ती दुपार मला अजून आठवते, पंखा बंद होता कारण त्याच्या आवाजात बास ऐकू येत नव्हता, आणि आम्ही दोघं घामाघूम. आज मी जे काही ऐकते ते त्या दुपारमुळे. तुमच्या मित्राने तुमच्यासाठी तेच केलं आणि तुमच्या लेकीने मागच्या महिन्यात तुमच्यासाठी तेच करायला बघितलं.

म्हणून आज घरी गेलात की तिला एवढंच म्हणा, त्या दिवशी मी नीट ऐकलंच नव्हतं, परत लाव. लांबलचक माफी नको, मुलं त्याने अवघडतात. गाणं पूर्ण ऐका, मध्ये बोलू नका, चेहराही करू नका. मग तिला विचारा यातला कुठला भाग तुला सगळ्यात आवडतो, आणि तो भाग परत लावायला सांगा. आवडलं नाही तर नाही आवडलं म्हणा की, खोटं बोलू नका, तिला लगेच कळेल, पण काय ऐकू आलं ते सांगा, की इथे गिटार चांगली आली, इथे ड्रम मला सपाट वाटला आणि का वाटला. तो दाबलेल्या आवाजाचा प्रकार तिला दाखवा, एकाच बँडचं जुनं आणि नवीन लागोपाठ लावून, असं ऐकायला शिकवणारा माणूस तिला यूट्यूबवर नाही मिळायचा. मग तुमचं एक, तिचं एक, असं चालू ठेवा. आणि ते पाच गाणी सांगता येत नाहीत वालं, ते घरात तरी नका आणू, आणि बाहेरही नको, टी-शर्ट घातलेल्या पोराला परीक्षेला बसवून आजपर्यंत कोणी मेटल ऐकायला लागलेलं नाही.

दुसरं, मोठ्या शोंना जाऊच नका. मनापासून सांगतेय. दहा हजारांचं तिकीट काढून लांबून स्क्रीनवर बघायचं आणि मग सीन मेला म्हणायचं, त्यापेक्षा छोट्या जागी जा. मी मागच्या डिसेंबरात एका बारच्या मागच्या खोलीत गेले होते, साठ-सत्तर माणसं, पाचशे रुपये, चार बँड. दुसऱ्या बँडच्या गिटारवाल्याची तार तुटली तर पहिल्या बँडच्या पोराने स्वतःची गिटार काढून दिली आणि तो खाली उभा राहून बघत बसला. मध्येच पिटात, म्हणजे स्टेजपुढच्या धक्काबुक्कीत, एका मुलाचा चष्मा पडला, कोणीतरी ओरडलं चष्मा चष्मा, आणि खाली सगळे जिथे होते तिथे थांबले, पाच-सहा मोबाईलचे टॉर्च जमिनीवर, चष्मा मिळाला पण एक काच निघालेली, मग काच शोधली, ती एकीने शर्टाने पुसून फ्रेममध्ये दाबून बसवली, त्याने चष्मा घालून अंगठा वर केला आणि परत सुरू. फोन होते तिथेही, पण कशासाठी ते बघा. भिंतीला टेकून पन्नाशीचा एक माणूस उभा होता, आय-रॉकचा धुऊन धुऊन विटलेला टी-शर्ट, आणि ब्रेकमध्ये चार पोरं त्याला घेरून रंगभवन कसं होतं ते विचारत होती, कुठून आत जायचं, पावसात अँप कसे झाकायचे. तो सांगत होता आणि पोरं ऐकत होती, त्यातल्या एकाने तर घरी जायची ट्रेन सोडली. तुम्हाला जे माहीत आहे ते ऐकायला लोक आहेत दादा, ते फक्त तुमच्या घराच्या कपाटापर्यंत येऊ शकत नाहीत.

निघताना बँडच्या टेबलावरून एक टी-शर्ट किंवा सीडी घ्या, तो पैसा सरळ त्या पोरांच्या हातात जातो, आणि घरून ऐकायचं तर बँडकँप या साइटवर विकत घ्या. कानात प्लग घाला, हे मी हट्टाने सांगतेय, 85 डेसिबल आठ तास चालतं पण पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, शंभरला पंधरा मिनिटं, आणि गिगला शंभरच्या वरच असतं. कारखान्यात तुम्ही घालत असाल, इथेही घाला. लेकीला नेलंत तर तिलाही.

आता कॅसेटी. भंगारात अजिबात देऊ नका, पण कपाटात नुसत्या सडवूही नका, कारण आपल्याकडच्या पावसात त्या सडतात. सगळ्या बाहेर काढा आणि खिडकीतून टेप बघा, रिळावर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी, ती कॅसेट डेकमध्ये घालू नका, हेडला लागेल आणि पुढच्या दहा कॅसेटी खराब करेल, ती वेगळी ठेवा. बाकीच्या आधी हाताने, पेन्सिलीने थोड्या फिरवून बघा चिकटलेल्या नाहीत ना, मधला स्पंजचा तुकडा, ज्याच्यावर टेप टेकते, तो गळून पडला असेल तर फुटलेल्या दुसऱ्या कॅसेटमधला काढून बसवता येतो. डेकचा रबरी पट्टा बहुतेक ढिला झाला असेल, तो बदलणं तुमच्या डाव्या हाताचा मळ आहे. मग उभ्या ठेवा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि वर्षातून एकदा पूर्ण वाजवा. एक कप्पा बायकोला मोकळा करून द्या, तिचं म्हणणंही काही चुकीचं नाही, विकतच्या ज्या कॅसेटींची गाणी आता कुठेही मिळतात त्यातल्या काही देऊन टाकता येतील. भरलेल्या एकही देऊ नका.

त्यातही ती पहिली. टीडीके नव्वद. तिच्या इनले कार्डावर, म्हणजे डबीतल्या कागदावर, गाण्यांची नावं तुमच्या मित्राने स्वतःच्या हाताने लिहिलेली असणार, पेनाने, बारीक अक्षरात, एखादं स्पेलिंग चुकलेलं. ती तुमच्या मुलीला दाखवा आणि तो कोण होता ते सांगा, तिला माहीत आहे का तो? ती तिच्याबरोबर कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, दोन्ही बाजू, मधल्या खरखरीसकट, तिला ते केबल-बिबलचं तुमच्यापेक्षा लवकर जमेल.

आणि एक शेवटचं. ज्याच्याशी पैशावरून बोलणं बंद आहे त्याच्याबद्दल तुम्ही जास्त काही लिहिलं नाही, किती पैसे, कोणाचे कोणाकडे, मी विचारत नाही. पण कॅसेट भरून देणाऱ्या त्या मित्राला चांगला ओळखणारी माणसं आता जगात तीनच उरलीत, एक अमेरिकेत आणि तुम्ही दोघं. त्या इनले कार्डाचा फोटो काढा आणि दोघांनाही पाठवा. खाली काही लिहू नका, पैशाचं तर नाहीच. ते अक्षर त्यांना ओळखता येईल.